कचरा आधीं कीं माणसें?

कोल्हापुरांत आम्ही इतिहास शिकवितों. शहराचा कचरा कसबा बावड्यास जातो हें वर्गांत सर्वांस ठाऊक असतें. पण तो इतिहासाचा विषय आहे असें कोणास वाटत नाहीं. मुंबईच्या देवनारचें उदाहरण काढलें, कीं सुखवस्तु घरांतील एखादा विद्यार्थी हटकून विचारतो, "कचऱ्याशेजारीं राहावयास त्यांना सांगितलें कोणीं?"

प्रश्न उद्धट खरा, पण टाकाऊ नव्हे. त्याचें उत्तर सनावळींत आहे. देवनारला मुंबईचा कचरा पडूं लागला १९२७ सालीं. पुढें १९७० नंतर शहरांतील मोक्याच्या जागांवरच्या झोपड्या हटविण्यांत आल्या आणि पुष्कळ कुटुंबांना शिवाजीनगर-बैंगणवाडीच्या बाजूस, त्या कचऱ्याच्या अगदीं उशाशीं, सरकारी हातांनींच जागा नेमून देण्यांत आल्या. सांगणारा होता तर! अमेरिकेंतील वॉरेन परगण्यांत क्रम उलटा. तेथें बहुसंख्य कृष्णवर्णीयांची वस्ती आधींची. पीसीबी नांवाच्या विषानें दूषित झालेली माती १९८२ सालीं तेथें आणून पुरली. विरोध करणाऱ्या ५०० वर लोकांना अटक झाली.

जानेवारी २०१६ मध्यें देवनार पेटलें, धूर दूरच्या उपनगरांत पोंचला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तेव्हां कोठें मुंबईची झोप मोडली. शेजारची वस्ती तो धूर कित्येक वर्षें गिळीत होती.

पुढील तासास आम्ही बावड्याकडे वळतों. तेथें आधीं कोण आलें, तें विद्यार्थ्यांनींच गांवांतील वडीलधाऱ्यांस विचारून लिहून आणावयाचें असतें.