पावसाळ्यात तडकणारी काडतुसे

काडतूस आणि हिंदुस्थान हे दोन शब्द एकत्र आले की १८५७ आठवते. ते चरबीचे काडतूस कागदाचे होते: शिपायाने दातांनी फाडायचे, आतली दारू बंदुकीच्या नळीत ओतायची, मग गोळी ठासायची. पुढच्या तीसेक वर्षांत कागद मागे पडला, पितळ आले, आणि या पितळाने हिंदुस्थानातल्या ब्रिटिश सैन्यापुढे एक निराळेच कोडे टाकले. ते उलगडायला १९२१ साल उजाडावे लागले.

पितळेची पुंगळी म्हणजे केवळ दारू ठेवण्याची डबी नव्हे. बार उडाला की ती क्षणार्धात फुगते, बंदुकीच्या कोठीच्या भिंतींना घट्ट चिकटते आणि तप्त वायूला मागे, नेमबाजाच्या चेहऱ्याकडे, येऊ देत नाही. दाब ओसरताच तिने किंचित आकसून सुटेही व्हायला हवे, नाहीतर ती आतच अडकते आणि दुसरी गोळी भरता येत नाही. फुगणे आणि आकसणे ही दोन्ही कामे एकाच धातूकडून करून घ्यायची. ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त हे मिश्रण त्यासाठी इतके योग्य ठरले की त्याला ‘काडतुसी पितळ’ असेच नाव पडले.

आरंभीची पितळी काडतुसे मात्र कच्ची होती. १८६६च्या सुमारास कर्नल बॉक्सर यांनी स्नायडर बंदुकीसाठी बनवलेल्या काडतुसाची भिंत पातळ पितळी पत्र्याची गुंडाळी होती. बूड वेगळे जोडलेले. मार्टिनी-हेन्री बंदुकीलाही आधी अशीच गुंडाळलेली पुंगळी मिळाली. जानेवारी १८८५मध्ये सुदानात अबू क्लेआ येथे ऐन हातघाईत या पुंगळ्या बंदुकीत अडकल्या, बुडे उपटून आली आणि सैनिकांच्या हातांत निरुपयोगी बंदुका उरल्या. त्यानंतर एकाच पत्र्यातून ओढलेल्या अखंड पुंगळीची निकड कोणाला पटवून द्यावी लागली नाही.

ही अखंड पुंगळी घडते कशी, हे पाहिल्याशिवाय पुढची गोष्ट समजणार नाही. पितळेच्या जाड पत्र्यातून एक चकती कापतात. ठशाने दाबून तिची वाटी करतात. ती वाटी क्रमाक्रमाने अरुंद साच्यांतून ओढत नेली की भिंत पातळ होते आणि लांबी वाढते. प्रत्येक ओढीबरोबर पितळ कठीण होत जाते. आणखी ओढले तर फाटेल, अशी अवस्था येते. तेव्हा ते भट्टीत तापवून नरम करायचे, पातळ आम्लात धुऊन काजळी काढायची आणि पुन्हा ओढायचे.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे तत्त्व पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. ठोकता ठोकता तांबे हट्टी झाले की तांबट ते आगीत घालतो, लाल झाले की काढतो, आणि मग पुन्हा हातोडा. लोखंडाच्या उलट, तापलेले तांबे किंवा पितळ पाण्यात बुडवले तरी कठीण होत नाही, हेही त्याला पुस्तकाविना माहीत असते. तिथून काही मैलांवर खडकीला १८६९मध्ये सरकारी दारूगोळा कारखाना उभा राहिला. हातोड्याच्या आणि यंत्राच्या या दोन कामांत धातूचा स्वभाव एकच होता.

शेवटच्या टप्प्यात पुंगळीचे तोंड आवळून मान घडवतात, दारू भरतात, गोळी बसवतात आणि मानेची कड गोळीवर घट्ट दाबतात. हे सारे थंड अवस्थेत होते. बाहेरून पुंगळी चकचकीत, निर्दोष दिसते. आत मात्र धातूचा एक थर दुसऱ्याला सतत ओढत असतो. या ओढाताणीला अवशिष्ट ताण म्हणतात. तो डोळ्यांना दिसत नाही, मापपट्टीला सापडत नाही.

हिंदुस्थानात पावसाळ्याचे चार महिने लष्करी हालचाली मंदावत. दारूगोळा कोरडे दिवस येईपर्यंत ठेवून दिला जाई, आणि धातुविज्ञानात आजही सांगितली जाणारी हकीकत अशी की ही साठवण कित्येकदा घोड्यांच्या पागांत होई. पाऊस सरल्यावर पेट्या उघडल्या की न उडवलेल्या काडतुसांच्या मानेला उभ्या चिरा पडलेल्या दिसत. बार झालेला नाही, धक्का बसलेला नाही, गंज म्हणावा तर धातू फारसा झिजलेलाही नाही. या दोषाला इंग्रजीत ‘सीझन क्रॅकिंग’ असे नाव मिळाले. दोष कारखान्याचा, पितळेचा की हवेचा? कारखान्याने हवेकडे बोट दाखवावे आणि कोठाराने कारखान्याकडे, हा क्रम तर्काला सोडून नाही.

उत्तर दिले ते मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघा संशोधकांनी, १९२१मध्ये. दोघांचेही म्हणणे अर्धे खरे होते. घोड्यांचे मूत्र कुजले की अमोनिया सुटतो. आषाढातल्या कोंदट पागेत शिरणाऱ्याच्या नाकाला तो झोंबतो. दमट हवेतल्या पाण्याचा सूक्ष्म थर पितळेवर बसतो, अमोनिया त्यात विरघळतो आणि प्राणवायूच्या साथीने तांब्यावर हल्ला करतो. हा हल्ला पितळेच्या स्फटिककणांमधल्या सीमांवर होतो. धातूत ताण नसेल तर पृष्ठभाग काळवंडण्यापलीकडे फारसे घडत नाही. ताण असेल तर तोच ताण सीमा फाकवत नेतो, आणि चीर आपली आपण वाढते. ताण आणि अमोनिया यांपैकी एक काढून घ्या, चीर पडत नाही.

पागा बदलणे सोपे वाटते, पण अमोनिया काही पागेपुरता नसतो. म्हणून खरा उपाय ताणाकडून निघाला. पुंगळी सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत बेताने तापवली तर तिचा कठीणपणा जवळपास तसाच राहतो, आतली ओढाताण मात्र बरीच विरते. मानेला याहून अधिक उष्णता देऊन ती खरोखर नरम करतात. बुडाला ती उष्णता पोहोचू द्यायची नाही, कारण चौरस इंचाला १५ टनांहून अधिक दाब पेलणारे कठीण बूड नरम झाले तर बंदूक आणि नेमबाज दोघांनाही धोका. एकाच वस्तूचे एक टोक मऊ आणि दुसरे कडक, असा हा बेत. तपासणीसाठी पाऱ्याच्या नायट्रेटचे द्रावण वापरात आले: त्यात बुडवलेली पुंगळी काही मिनिटांत तडकली, तर समजावे की ताण शिल्लक आहे.

युद्धासाठी शिकलेली ही गोष्ट पुढे खेळातही मुरली. स्पर्धेसाठी काडतुसे हाताने भरणारे नेमबाज कारखान्यातून आलेली कोरी पुंगळी तयार मानत नाहीत, आणि त्यांची प्रत्येक कृती घडणीच्या एकेका खुणेवरचा उतारा असते. ओढताना ठसा केसभर बाजूला सरकला की मानेची भिंत एकीकडे जाड राहते. म्हणून मान बाहेरून तासतात. ठिणगी आत नेणारे छिद्र ठशाने पाडलेले असते, त्याच्या आतल्या कडेला बारीक कोर उरते, ती खरवडतात. प्रवासात चेपलेली तोंडे गोल करतात, लांबी एकसारखी छाटतात, वजनाप्रमाणे वेगळी लावतात. मान प्रत्येक गोळीला सारख्याच जोराने धरील तरच ती सारख्याच वेगाने सुटेल. त्यामुळे काही बार झाल्यावर मान पुन्हा नरम करावी लागते. जुने नेमबाज पुंगळ्या पाण्याच्या ताटलीत उभ्या करीत, माना ज्योतीने तापवीत आणि तिथेच आडव्या पाडीत. बूड पाण्यात, म्हणून सुरक्षित.

अमेरिकी लष्करी काडतुसांच्या मानेवर निळसर-तपकिरी झाक दिसते. नवखा माणूस तिला डाग समजतो. मान तापवल्याची ती खूण आहे आणि ती मुद्दामच पुसत नाहीत, कारण तपासनिसाला ती दिसायला हवी. अनेक व्यापारी कारखाने मात्र गिऱ्हाइकाला चकाकी आवडते म्हणून ती घासून काढतात. जाणते नेमबाज घासण्याच्या बाबतीत एक पथ्य आजही पाळतात: पितळ उजळण्याच्या ज्या पातळ पॉलिशमध्ये अमोनिया असतो, ते पुंगळीला लावत नाहीत.