राखडी कोणाची, केस कोणाचे?

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे गाव विनोबा भावे यांचे जन्मगाव म्हणून परिचित आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी एका चित्पावन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्या पिढीत कोकणातील अशा घरांमधील नवरीच्या केसांत काय माळले जाई, हा प्रश्न वरवर किरकोळ भासतो. परंतु मालमत्ता, वय आणि वैधव्य या तिन्हींचा इतिहास त्यात गुंतलेला आहे.

मुंडावळ्या वर आणि वधू दोघांच्याही कपाळी बांधल्या जात. केसांतील सोने मात्र वधूचेच. माथ्यामागे वाटोळी राखडी किंवा मूद, वेणीवर केवड्याच्या पानाच्या घडणीचा केवडा, नाग, आणि वेणीच्या टोकाला गोंडे. केस आखूड असतील तर वेणीत गंगावन गुंफीत. ऐपत नसेल तेथे फुलांच्या वेणीवर भागत असे, आणि कोकणात फुलांना तोटा नव्हता.

यांतील काहीही नवरी स्वतः निवडीत नसे. आठ-दहा वर्षांच्या मुलीला कोण विचारणार? घडण सोनार आणि वडीलधारी माणसे ठरवीत. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने संमतीचे वय दहावरून बारावर नेले, पण तो विवाहाच्या वयाला हात लावणारा नव्हता. मुलीच्या विवाहासाठी चौदा वर्षांची अट आली ती १९२९ च्या शारदा कायद्याने.

तरीही धर्मशास्त्राच्या दृष्टीने ती राखडी त्या मुलीचीच होती. विवाहाग्नीसमोर मिळालेले ते ‘अध्यग्नि’ आणि सासरी जाताना मिळालेले ते ‘अध्यावाहनिक’; दोन्ही स्त्रीधन. याज्ञवल्क्यस्मृतीनुसार पतीने दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण किंवा बंदिवास या प्रसंगी ते वापरले, तर परत करण्याचे बंधन त्याच्यावर नसे. स्त्रीच्या हक्काला एवढ्या पळवाटा ठेवणारे शास्त्रकार व्यवहार चांगलाच ओळखून होते, असे म्हणावे लागते. पण हक्क मान्य होता, हेही तितकेच खरे.

केसांवर मात्र तिचा असा कोणताच हक्क नव्हता. पती वारला की उच्चवर्णीय विधवेचे केशवपन होई. राखडी पेटीत तिच्या मालकीची राहिली, तरी ती अडकवायला केस उरत नसत. या प्रथेविरुद्ध १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांच्या मस्तकावर वस्तरा न चालवण्याचा निर्धार केला. सुधारकांची व्याख्याने बहुतेकांच्या स्मरणात असतात. वस्तरा खाली ठेवणारे हे हात फारसे कोणी आठवत नाही.

याच मुलुखातील आगरी, कोळी, कुणबी समाजांत चित्र वेगळे होते. आगरी लग्नात विधी चालवणारी धवलारीण स्वतः स्त्री असे, आणि विधवेला पाट लावण्याची मुभा होती. पाटाला पहिल्या लग्नाचा मान व थाट मिळत नसे, परंतु विधवेचे डोके भादरले जात नसे. एका शिवारातील दोन घरांत नवरीच्या वेणीचे भवितव्य इतके निराळे असू शके.

देवरुखच्या जोशी घराण्यातील दोन बहिणींची उदाहरणे येथे बोलकी ठरतात. गोदूबाईंचा विवाह आठव्या वर्षी झाला व काही महिन्यांतच वैधव्य आले. पुढे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकून १८९३ मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई झाल्या. धाकट्या पार्वतीबाई आठवले यांनी पुनर्विवाह केला नाही. केशवपन झालेल्या अवस्थेतच त्या हिंगण्याच्या संस्थेसाठी गावोगाव वर्गणी गोळा करीत हिंडल्या. पुढे त्यांनी वपन सोडून केस वाढवले. हा निर्णय घरातील वडीलधाऱ्यांचा नव्हता, सासरचाही नव्हता. १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात आपल्या आयुष्याचा हा प्रवास त्यांनी स्वतःच्या शब्दांत मांडला आहे.