लष्करी अंमल, उस्मानाबाद जिल्हा (१९४८–४९)

हैदराबाद संस्थानातील ‘पोलीस कारवाई’नंतर आजच्या धाराशिव जिल्ह्यावर आलेला लष्करी गव्हर्नरचा कारभार. तेव्हा लातूर याच जिल्ह्यात होते. १९८२ मध्ये त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला.

पार्श्वभूमी : संस्थानचा राजा निजाम याने भारतात विलीन होण्यास नकार दिला आणि रझाकार या निजामसमर्थक सशस्त्र दलाने मराठवाड्यात दहशत माजवली. रझाकारांचा नेता कासीम रझवी हा लातूरचा वकील. १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांचे भारतीय सैन्य सोलापूरकडून शिरले. त्याने नळदुर्ग व बोरी नदीवरचा पूल घेतला आणि उमरग्यावरून हैदराबादची वाट धरली. १८ सप्टेंबरला संस्थानी फौज शरण आली आणि ही ‘पोलीस कारवाई’ संपली.

कारभार : शेजारच्या सोलापुरात मे १९३० मध्ये इंग्रजांनी मार्शल लॉ (लष्करी कायदा) पुकारला होता, तो स्वातंत्र्यचळवळ मोडण्यासाठी. हैदराबादची व्यवस्था वेगळी होती. लष्करी गव्हर्नर म्हणून चौधरींना अधिकार मिळाले निजामाच्या फर्मानाने, पण ते उत्तरदायी होते वल्लभभाई पटेलांच्या संस्थान खात्याला. मुलकी कामासाठी डी. एस. बखले यांच्यासारखे सनदी अधिकारी नेमले गेले. ऑगस्ट १९४९ मध्ये याच राजवटीने जहागिऱ्या रद्द केल्या.

हिंसाचार : रझाकारांच्या दहशतीचा सूड सामान्य मुसलमानांवर उगवला गेला. पंतप्रधान नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात दौरा केला. संस्थानभर किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसली. लूट व हत्यांमध्ये काही ठिकाणी जवान आणि पोलीसही सामील असल्याचे समितीने नोंदवले. मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही दखल घेतली. हा अहवाल सरकारने अनेक दशके प्रसिद्ध केला नाही.

समाप्ती : १९४९ अखेर चौधरींचा कार्यकाळ संपला. २६ जानेवारी १९५० रोजी सनदी अधिकारी एम. के. वेल्लोडी मुख्यमंत्री झाले आणि १९५२ च्या निवडणुकीनंतर बूर्गुल रामकृष्ण राव यांचे लोकनियुक्त सरकार आले.

महत्त्व : सेनापतीने सत्ता मुकाट्याने मुलकी हाती सोपवली, हे या पर्वाचे मोठे यश. मात्र दिल्लीचा अंकुश गावातल्या निरपराध माणसाचा जीव वाचवू शकला नाही, आणि चौकशीचा अहवाल दडवल्याने त्या अपयशाची जबाबदारीही निश्चित झाली नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद ३४ लष्करी कायद्याच्या काळातील कृत्यांना संरक्षण देण्याचा अधिकार संसदेला देतो. तो वापरण्याआधी सत्य जनतेपुढे मांडले गेले पाहिजे, हा उस्मानाबादच्या अनुभवाचा धडा आहे.