जॅझ : मैदानातून मैफलीत

‘जॅझ’ हा शब्द न्यू ऑर्लिन्सच्या बदनाम वस्तीत जन्मला, हा समज छापील पुराव्यापुढे टिकत नाही. १९१२ साली लॉस एंजेलिसच्या एका दैनिकात बेन हेंडरसन हा बेसबॉलपटू आपल्या डगमगत जाणाऱ्या चेंडूला ‘जॅझ बॉल’ म्हणतो. १९१३मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रीडापानांवर जॅझ म्हणजे जोम, धमक. संगीताला हे नाव चिकटलेले छापात दिसते ते १९१५च्या शिकागोत. यावर आक्षेप असा की, शब्द मुळात अश्लील होता, म्हणून आधी छापला गेला नसेल. पण तो तसा कुप्रसिद्ध असता, तर घरोघरी जाणाऱ्या दैनिकाने तो बिनदिक्कत छापला असता का? शिवाय जोम याच अर्थाचा ‘जॅझम’ १८६०मध्येच छापात आढळतो. मूळ तिथे शोधणेच सयुक्तिक. संगीत न्यू ऑर्लिन्सचे, नाव मात्र बहुधा पश्चिम किनाऱ्याचे.