घाणा, साबण आणि त्वचा: वर्धा जिल्ह्यातील एक ग्रामोद्योग

कपाळ, नाक आणि हनुवटी तेलकट राहते व गाल मात्र कोरडे पडतात, अशा त्वचेला संमिश्र त्वचा म्हणतात. तैलग्रंथी, म्हणजे त्वचेला स्निग्धता पुरविणाऱ्या सूक्ष्म ग्रंथी, चेहऱ्याच्या मधल्या पट्ट्यात अधिक दाट असल्यामुळे हा भेद निर्माण होतो. तो अधिक जाणवावा असेच वर्धा जिल्ह्याचे हवामान आहे, कारण येथे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि हिवाळ्यात कोरड्या थंडीने कातडी उलते. त्वचेचे प्रकार पाडून त्यांनुसार प्रसाधने विकण्याची रीत विसाव्या शतकातील असली, तरी एका जागचे तेल काढून दुसऱ्या जागचे राखण्याचा प्रश्न त्याहून पुष्कळ जुना आहे.

साबण सर्रास मिळू लागण्यापूर्वी या प्रश्नाची सोय स्वयंपाकघर आणि तेल्याचा घाणा या दोन ठिकाणी होत असे. बैल गोल फिरू लागला की घाण्याच्या उखळात उभी केलेली लाट तीळ किंवा जवस चिरडी, तेल खाली झिरपे आणि उरलेली पेंड गुरांच्या दावणीत जाई. दिवाळीच्या अभ्यंगात आधी अंगाला तेल चोळून जिरविले जाई आणि मग उटणे लावले जाई. चेहऱ्यासाठी डाळीचे पीठ दुधात किंवा सायीत कालविण्याची पद्धत होती. पीठ वरचे तेल शोषून घेई आणि साय रुक्षपणा कमी करी, त्यामुळे हात कोठे जोर देऊन फिरवावा व कोठे हलका ठेवावा एवढेच ठरवायचे उरे. केसांसाठी रिठा वापरीत, कारण त्यातील सॅपोनिन या द्रव्यामुळे पाण्याला फेस येऊन मळ सुटतो.

गिरणीचे तेल व कारखान्यातील साबण गावोगाव पोहोचल्यावर ही व्यवस्था खिळखिळी झाली. डिसेंबर 1934 मध्ये वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तो अशाच मोडकळीस आलेल्या धंद्यांसाठी. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेला मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ मगनवाडी हे नाव मिळाले आणि जे. सी. कुमारप्पा यांनी संघाचे काम उभे केले. झवेरभाई पटेल यांनी घाण्यावर प्रयोग करून त्याची रचना सुधारली, तर दुसरीकडे हातकागद, मधमाशीपालन यांच्या जोडीने साबणनिर्मितीही हाती घेण्यात आली. 30 डिसेंबर 1938 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले आणि ग्रामोद्योगांची साधने व उत्पादने लोकांना पाहण्यास खुली झाली.

साबण म्हणजे तेल आणि अल्क, म्हणजे कॉस्टिक सोड्यासारखा दाहक क्षार, यांच्या संयोगातून होणारा पदार्थ. या क्रियेत ग्लिसरीनही तयार होते. मोठे कारखाने ते बहुधा वेगळे काढून विकतात, परंतु उष्णता न देता हाताने केलेल्या साबणात ते वडीतच राहते आणि पाणी धरून ठेवण्याच्या त्याच्या गुणामुळे कोरड्या त्वचेला थोडा दिलासा मिळतो. तरीही त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी आणि साबण अल्कधर्मी असल्यामुळे, साबण हाताचा असो वा यंत्राचा, तो सगळ्या चेहऱ्यावर सारखाच फिरविल्यास नाक स्वच्छ होते आणि गाल ओढल्यासारखे वाटतात. ग्रामोद्योगी साबण हे मुख्यतः रोजगाराच्या प्रश्नावरचे उत्तर होते. संमिश्र त्वचेचा प्रश्न त्याने सोडविला नाही.

1957 मध्ये स्थापन झालेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने कडुनिंब, करंज, मोह यांच्या अखाद्य तेलांपासून साबण करण्याच्या उद्योगाला उत्तेजन दिले, आणि मगनवाडीच्या परिसरातच पुढे महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था कार्यरत होऊन वनस्पतीजन्य उत्पादनांवर संशोधन व प्रशिक्षण सुरू झाले. उत्पादनाचे तंत्र असे बदलत गेले, परंतु संमिश्र त्वचेसाठी आजही दिला जाणारा सल्ला, म्हणजे सौम्य द्रव्याने चेहरा धुवावा, मधला पट्टा हलका ठेवावा आणि स्निग्ध लेप गालांपुरता लावावा, हा वडीपेक्षा पीठ-सायीच्या जुन्या रीतीला अधिक जवळचा आहे. कारण त्या रीतीत पदार्थ साधा असला, तरी तो कोठे आणि किती लावायचा याचा निर्णय वापरणाऱ्याच्या हाती राहत असे.