एफआयआरमधलं नाव निघतं का? गेवराई तालुक्यातल्या तरुणांनी हे वाचून घ्यावं

पोलीस भरती असो, सैन्य भरती असो नाहीतर पुण्याकडच्या कंपनीतलं काम असो, चारित्र्य पडताळणीचा दाखला बहुतेक ठिकाणी मागतातच. आणि नेमकं तेव्हाच चार-पाच वर्षांपूर्वीचं बांधावरचं भांडण आडवं येतं. चकलांब्यासारख्या गावात भावकीच्या भांडणात एका फिर्यादीत दहा-दहा नावं जातात. त्यात एखादा कॉलेजात शिकणारा पोरगाही असतो. मग सुरू होते ‘रेकॉर्ड साफ करून देतो’ म्हणणाऱ्यांकडे धावपळ.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकू. अमेरिकेत काही राज्यांत अर्ज करून जुना गुन्हा सीलबंद करता येतो. आपल्याकडे मोठ्या माणसांसाठी तसा सरसकट कायदा नाही. पोलीस ठाण्यात पैसे भरून नाव काढून मिळतं, असं कोणी सांगत असेल तर तो तुम्हाला फसवतोय. देशभरातली पोलीस ठाणी सीसीटीएनएस या संगणक प्रणालीने जोडलेली आहेत, त्यामुळे जिल्हा बदलूनही उपयोग नाही. मात्र गुन्हा कायदेशीररीत्या संपवता येतो, आणि तो संपल्याची नोंद करून घेता येते.

तपासात काहीच निघालं नाही तर पोलीस न्यायालयात समरी अहवाल पाठवतात. गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही तेव्हा ‘अ’. फिर्याद जाणूनबुजून खोटी दिली असेल तर ‘ब’. गैरसमजातून दिलेली किंवा मुळात दिवाणी वादाची असेल तर ‘क’. हा अहवाल न्यायालयाने मंजूर करावा लागतो. पोलिसांनी पाठवला म्हणजे काम झालं, असं नाही.

आपल्या भागात सगळ्यात जास्त घोळ होतो तो आपसात मिटवण्यात. गावात बैठक होते, तंटामुक्तीवाले मध्ये पडतात, शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर सह्या होतात आणि दोन्ही घरं गप्प बसतात. पण त्या कागदाने खटला बंद होत नाही. साधी मारहाण, शिवीगाळ असे गुन्हे तडजोडीस पात्र आहेत. पूर्वी फौजदारी संहितेचं कलम 320 होतं, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 359 आहे. फिर्यादीने न्यायालयात येऊन तडजोड मान्य करावी लागते. लोकअदालतीतही हे होतं. अशी तडजोड झाली की कायद्याने तो निर्दोष सुटल्यासारखाच धरला जातो.

हत्याराने दुखापत केल्याचं कलम लागलं असेल तर गोष्ट वेगळी. ते तालुक्याच्या न्यायालयात मिटत नाही, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जावं लागतं. तिथे कलम 528 (जुनं 482) खाली एफआयआर रद्द करण्याचा अर्ज होतो, आणि फिर्यादीचं शपथपत्र सोबत असेल तर काम सोपं होतं. वैयक्तिक भांडणातून झालेले गुन्हे तडजोडीवरून रद्द करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली ज्ञानसिंग खटल्यात सांगितलं. खून, बलात्कार, दरोडा यांना ही सवलत नाही.

आंदोलनातल्या गुन्ह्यांचंही विचारलं जातं. सरकारने गुन्हे मागे घेण्याची घोषणा केली म्हणजे खटला आपोआप संपत नाही. सरकारी वकिलाने कलम 360 (जुनं 321) खाली अर्ज करायचा आणि न्यायालयाने परवानगी द्यायची, तेव्हाच तो संपतो. आपला खटला नंबर त्या यादीत आहे का, हे वकिलामार्फत न्यायालयात पाहून घ्या. पुढाऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवर राहू नका.

निवडणुकीच्या तोंडावर होणारी ‘चॅप्टर केस’ ही शिक्षा नाही. ती शांतता राखण्याच्या बंधपत्रापुरती असते.

गुन्हा घडला तेव्हा वय 18 च्या आत असेल तर कायदा खरोखर मदतीला येतो. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 24 नुसार अशा मुलाला त्या प्रकरणामुळे पुढे अपात्र ठरवता येत नाही, आणि ठरावीक मुदतीनंतर कागद नष्ट करायचे असतात. अपवाद एकच: 16 वर्षांवरच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला आणि त्याला मोठ्या माणसासारखं चालवून दोषी ठरवलं तर. बाल न्याय मंडळाकडे अर्ज करून आदेश मागता येतो. हे बऱ्याच आई-बापांना माहीतच नसतं.

शिक्षा झालीच असेल तर तालुक्याच्या निकालाविरुद्ध 30 दिवसांत सत्र न्यायालयात अपील करा. परिविक्षा कायदा 1958 खाली चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर सोडलं असेल, तर त्या कायद्याचं कलम 12 अपात्रतेपासून संरक्षण देतं.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. टोळी कारखान्यावर गेली की तारीख चुकते. दोन-तीन तारखा चुकल्या की वॉरंट निघतं, आणि साधा खटला वर्षानुवर्षं ‘प्रलंबित’ राहतो. जाण्याआधी वकिलाला सांगून गैरहजेरी माफीचा अर्ज तयार ठेवा.

खटला संपला की निकालाची प्रमाणित नक्कल काढा. एक घरी ठेवा, एक अर्जासोबत पोलीस ठाण्यात द्या, ‘सीसीटीएनएसमध्ये निकालाची नोंद घ्यावी’ असं लिहा आणि पोच घ्या. ही पायरी चुकली तर निर्दोष सुटूनही पडताळणीत गुन्हा प्रलंबित दिसू शकतो.

भरतीच्या फॉर्मवर ‘गुन्हा दाखल झाला होता का’ असा प्रश्न असेल तर खरं लिहा, सोबत निकाल जोडा. 2016 च्या अवतार सिंग निकालानुसार माहिती लपवल्यावरून नोकरी जाऊ शकते. किरकोळ गुन्हा असेल तर अधिकारी दुर्लक्ष करू शकतात, पण ते त्यांच्या हातात आहे. खरं सांगितलं म्हणून नोकरी मिळेलच, असंही नाही. पोलीस भरतीत ‘संशयाचा फायदा’ देऊन सुटलेल्याला नाकारता येतं. म्हणून साक्षीदार फिरले म्हणून सुटणं आणि आरोपच खोटा ठरणं, यातला फरक वकिलाकडून आधीच समजून घ्या.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीतले आरोपी आणि वर्षाला 3 लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्यांना मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन क्रमांक 15100.