दिनविशेष : ७ ऑक्टोबर – नांदेडच्या तबेल्यातील स्मृती

शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग यांनी ७ ऑक्टोबर १७०८ रोजी गोदावरीकाठच्या नांदेड येथे देह ठेवला. २२ डिसेंबर १६६६ रोजी पाटण्यात जन्मलेल्या आणि १६९९ मध्ये आनंदपूर येथे खालसा पंथ, म्हणजे दीक्षित शिखांचा संघ, स्थापन करणाऱ्या या गुरूंचे बरेचसे आयुष्य घोड्याच्या पाठीवर गेले. सहावे गुरू हरगोविंद यांनी अनुयायांकडून भेट म्हणून घोडे व शस्त्रे मागितल्यापासून अश्वपालन हे शीख परंपरेत धर्मकार्याचेच अंग ठरले होते. नांदेडने ते आजही जिवापाड जपले आहे.

तख्त सचखंड श्री हजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, एक असून तेथील तबेल्यातील घोडे गुरूंच्या घोड्याचे वंशज आहेत, अशी भाविकांची श्रद्धा आहे. दसऱ्याला व होळीच्या सुमारास निघणाऱ्या हल्लाबोल मिरवणुकीत, म्हणजे चढाईचे स्मरण करून देणाऱ्या शस्त्रधारी दौडीत, सजवलेला पण पाठीवर स्वार नसलेला घोडा चालतो, आणि ती रिकामी पाठ पाहून गर्दीतले हात आपोआप जोडले जातात.

घोड्याची पारख या मुलुखाला नवी नाही, कारण याच जिल्ह्यातील लोहा तालुक्यात मार्गशीर्ष वद्यात भरणाऱ्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतही घोड्यांचा मोठा बाजार भरतो.